तुळईचं टोक

कुजलेल्या लाकडाला वास असतो हे मला लेक बाळंतपणाला आली तेव्हा कळलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. मला ते दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तो वास मी माझ्या हातानं भिंतीत कोंडून ठेवला होता.

आमचं गाव नळदुर्गापासून थोडं आत. वारा फिरला की हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज अंगणात येतो. मी इथल्याच प्राथमिक शाळेत मास्तर. घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत, स्वयंपाकघरावर स्लॅब टाकलाय. मधली खोली मात्र वडलांच्या वेळची, माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कडुलिंबाची एक जाड तुळई, तुळईवर आडवी लाकडं आणि त्यावर माती. ती माती जुन्या गावठाणातली, खारवट, पांढरी. पाणी आत शिरू देत नाही म्हणून दर उन्हाळ्यात तिचा एक थर वर पसरायचा. रीत अशी की आधी जुना थर खरवडून खाली टाकायचा आणि मगच नवा द्यायचा. खरवडणं म्हणजे कमरेचं काम. वडलांनी थकल्यावर ते सोडलं आणि मी तर कधी केलंच नाही. टाकणं सोपं, म्हणून टाकतच गेलो. माझ्या आळसाचं वजन वर्षावर्षाला त्या तुळईवर चढत होतं.

दोन वर्षांपूर्वी लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून घर रंगवायला काढलं. तेव्हा तुळईचं एक टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं तपकिरी ओघळ दिसला. मी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला. भिजलेल्या पेंडीत जावा तसा आत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला काळं, चिकट काहीतरी लागलेलं होतं. हुंगलं. साचलेल्या गटारीचा आणि शिळ्या ताकाचा मिळून एक वास होता.

बायको म्हणाली, "अहो, सुतारमामांना नुसतं बघायला तरी बोलवा."

"त्यात बघायचंय काय? वरवरचं आहे."

आमच्या गावचे सुतारमामा कामाला नंबरी. पण त्यांचं तोंड रंध्यापेक्षा जास्त चालतं. पाहुणे माकणीकडचे, आणि त्या बाजूला मामांची दारं-खिडक्यांची कामं कायम चालू. मास्तरच्या घराची तुळई कुजली, ही बातमी पाहुण्यांच्या आधी पाहुण्यांच्या घरी पोचली असती. कुजक्या तुळईच्या घरात सोयरीक करू नये असं म्हणणारी माणसं आमच्यात आजही आहेत. म्हणून ठरवलं, आपणच करायचं. हे नीट लिहितो, कारण पुढं सगळं ह्यावरच आहे. काम मला जमेल असं वाटलं म्हणून मी ते स्वतः करायचं ठरवलं नाही. कुणी बघू नये म्हणून ठरवलं.

जे बाहेर ओघळत होतं तेवढं चमच्यानं खरवडून काढलं. हमरस्त्यावरच्या गॅरेजातून जळकं ऑइल आणलं, पोत्याचं बारदान त्यात बुडवलं आणि काठीनं भोकात ठासलं. वरून सिमेंटचा गिलावा. गिलाव्यावर तपकिरी ऑइलपेंट, आणि रंग ओला असताना जुन्या कंगव्यानं त्यावर लाकडाच्या रेषा ओढल्या. एका जागी तर गाठसुद्धा काढली, गोल, अंगठ्यानं. लांबून बघितलं तर मूळ लाकडापेक्षा माझंच लाकूड जास्त खरं वाटत होतं. पाचवीच्या वर्गाला मी दरवर्षी भाकरीचा ओला तुकडा डब्यात बंद करून दाखवतो. चार दिवसांनी झाकण उघडलं की पोरं नाकं धरून ओरडतात. ओल आणि कोंडलेली जागा, एवढं पुरे असतं, असं मी फळ्यावर लिहून देतो.

पाहुणे आले, पोहे झाले, तुळईकडं कुणी मान वर करून बघितलंही नाही. मुलाची आई तर घरात आलीच नाही. अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून घेतली. "मला हितंच बरं वाटतंय," म्हणाली, आणि चहासुद्धा तिथंच घेतला. आत बायको मला कुजबुजली, "लई नखरा दिसतोय." मीही मान हलवली. ज्या बाईला दाखवण्यासाठी मी दोन दिवस कंगवा फिरवला होता तिनं उंबरासुद्धा ओलांडला नव्हता, त्याचाच मला राग आला.

लग्नानंतर जावयाच्या तोंडून कारण कळलं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा विहीणबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांचं माहेरचं घर माळवदाचं. त्यांना मातीखालून जिवंत काढलं, आईला तसं काढता आलं नाही. पुढं आठ दिवस थुंकीत माती येत होती म्हणे. तेव्हापासून माळवदाखाली त्या बसत नाहीत. कुणाकडंच नाही.

हे ऐकल्यावर तरी मी काही करायला हवं होतं. केलं नाही. लग्न पार पडलं होतं आणि रंगही टिकला होता.

ह्या श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी लेक आली. आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मधली खोली, हीही रीत. बायकोनं भिंतींना चुना दिला, बाज टाकली, दोन गोधड्या धुऊन ठेवल्या, शेगडी घासून कोपऱ्यात मांडली. बाज नेमकी तुळईखाली, कारण खोलीत दुसरीकडं कुठं ती लांबीला बसतच नव्हती. मी तिथंच उभा होतो. उशी कुठल्या बाजूला ते बायकोनं मला विचारलं आणि मी सांगितलं.

पहिल्याच संध्याकाळी लेक नाकाला पदर लावून बाहेर आली. "अण्णा, इथं काय मेलंय?"

"कुठं काय? तुला दिवस गेलेत, सगळ्याचाच वास येणार."

"मला दिवस गेलेत, नाक न्हाय गेलं."

बायको हसली. मी नाही हसलो. वास मलाही येत होता. पावसाची झड लागली की तो वाढायचा, उघडीप झाली की कमी व्हायचा. दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळी मी माळ्यावरून पटाशी आणि हातोडी काढली. बायकोनं दारातच अडवलं. "आज काही कापायचं न्हाय, खणायचं न्हाय, भाजीसुद्धा चिरायची न्हाय. पंचमीला कुणी पटाशी हातात घेतं का?" मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पटाशी मी स्वतःच्या हातानं परत माळ्यावर ठेवली. पंचमी एका दिवसाची असते. माझी दहा दिवस चालली.

चौथ्या का पाचव्या दिवशी लेक जेवता जेवता उठली आणि मोरीत ओकली. म्हणाली, "मी ह्या खोलीत निजणार न्हाय. कायतरी मेलंय इथं. आधी ते शोधा." बायकोनं कणग्या हलवल्या, ट्रंका ओढल्या, सगळ्या कोनाड्यांतून हात घातला. आता ती वर बघणार, असं मला वाटलं.

त्या दुपारी मी शेतावर गेलो. कडब्याच्या गंजीखाली उंदरांना औषध घातलेलं असतं. उकरलं तर एक मेलेला सापडला, फुगलेला, पोटाला आळ्या लागलेल्या. मी त्याला शेपटीला धरलं, पिशवीत टाकलं, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि घरी आणला. मागच्या दारानं मधल्या खोलीत गेलो, कणगीमागं हात घातल्यासारखं केलं आणि ओरडलो, "सापडला गं!"

लेक दारात आली. मी उंदीर वर धरला. त्याच्या अंगातून एक आळी निसटून माझ्या मनगटावर पडली आणि वळवळली. मी हात झटकला नाही. झटकला तर नाटक उघडं पडेल असं काहीतरी वाटलं.

"ई! फेका, फेका अण्णा!" ती ओरडली, आणि लगेच हसायला लागली. सुटल्यासारखी. "आई, बघ, सापडला बाई एकदाचा! अण्णा शूर निघाले की!"

त्या रात्री ती तुळईखाली गाढ झोपली.

त्या उंदराची घाण वाटते म्हणून मी हे सांगत नाही. उंदीर बिचारा मेला होता, कुजणं त्याचा धर्म. मी मात्र जिवंत होतो.

वास अर्थात गेला नाही. लेक म्हणायची, "एक उंदीर होता का उंदरांचं गाव?" मग गोधडीवर भुसा पडायला लागला, बारीक, कण्यांसारखा. बायको झटकून म्हणायची, "चुना झडतोय." मी म्हणायचो, "हो, चुनाच." एकदा उशीवर दोन पांढरे किडे होते. ते मी चिमटीत धरून चिरडले आणि बोटं धोतराला पुसली.

अकरा रात्री ती तिथं निजली. बाराव्या दिवशी, रविवारी, मायलेकी तपासणीला ऑटोनं नळदुर्गाला गेल्या. दुपारपर्यंत घर रिकामं. मी दाराला कडी लावली. आताही सुतारमामांना बोलवायचं मनात आलं नाही असं नाही. फोन हातात घेतलाही होता. पण मामा आले की गिलावा फुटणार, आतलं बारदान निघणार, कंगव्याची गाठ निघणार, आणि मामा विचारणार हे कुणी केलं. म्हटलं, चार तास आहेत, उघडू, साफ करू, परत बंद करू. पुन्हा तेच ठरवलं, आणि पुन्हा त्याच कारणानं.

स्टुलावर चढलो. गिलाव्याला हातोडीचे दोन ठोके घातले तर तो ताटलीसारखा अख्खाच्या अख्खा निघाला, आणि आतून एक भपकारा आला. तोंडच फिरवावं लागलं. बारदानाला लांब पांढऱ्या केसांसारखी बुरशी आली होती. ओढलं तर ते ओलं, जड, आतड्यासारखं बाहेर येत राहिलं. त्यामागं लाकूड नव्हतं. लाकडाच्या जागी काळा चिखल होता आणि त्यात वाळवी बुजबुजत होती. मी हातानं काढायला लागलो. मुठीमुठीनं काढत होतो आणि बादलीत टाकत होतो. मनगट आत गेलं, मग कोपर गेलं. बोटांना भिंतीचा दगड लागला तेव्हा उमगलं की मधे काहीच नाही. दीड हात तुळई नव्हतीच. वरची एवढी सगळी माती ज्याच्यावर टेकली होती तो मी लिंपलेला सिमेंटचा पापुद्रा होता, आणि तो मी आत्ताच फोडला होता.

तुळई करकरली. मोठ्यानं नाही, म्हातारं माणूस कूस बदलताना कण्हतं तेवढीच. दोन बोटं खाली आली. मी दोन्ही हातांनी ती वर दाबून धरली. आता हसू येतं. त्या वजनाला माझे हात म्हणजे काडी. पण सोडायचा धीर होईना. वरून पांढरी माती सुटली, बारीक धारेनं, पीठ चाळल्यासारखी, आणि सरळ लेकीच्या उशीवर पडत राहिली. उशीवर ढीग झाला. मी त्या ढिगाकडं बघत उभा होतो. मग हात सोडले आणि पळालो. अंगणात लिंबाखाली, विहीणबाई बसल्या होत्या त्याच जागी, मी ओकलो. ओकताना हाताचा वास नाकात गेला आणि पुन्हा ओकलो.

मग सुतारमामांना फोन केला.

ते आले ते दोन लाकडी टेकू आणि हमरस्त्यावरच्या गॅरेजातून मागून आणलेला ट्रकचा जॅक घेऊनच. टेकू लावले, जॅकनं तुळई बोटबोट वर घेतली. सगळं थांबल्यावर विडी पेटवली आणि खाली पडलेला गिलावा पायानं उलटा केला. माझी गाठ वर आली. अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता.

"गुरुजी, ही कलाकुसर कुणाची?"

"माझीच."

"वाटलंच. मिस्त्री असता तर इतकं मन लावून वाईट केलं नसतं."

मी विचारलं, "मामा, मी हातच घालायला नको होता का?"

"तसं कुठं म्हणतो मी? चौकटीचं खालचं बोटभर कुजलं, फळीला भोक पडलं, तर खुशाल करा. खरवडा, वाळवा, तेल पाजा. पण ज्याच्यावर दुसरं काय टेकलंय त्याला हात लावायच्या आधी खाली टेकू. टेकू कळत न्हाय तर हात न्हाय. आन एक, कुजलेलं कधी कोंडू न्हाय. त्याला वारा द्यावा." मग वर बघून म्हणाले, "किती माती घातलीय ही! घोड्यावर पोरगं बसवतात, तुम्ही अख्खी वरात बसवली."

मामांनी मला माळवदावर चढू दिलं नाही. गावातली चार माणसं बोलावली आणि कडेकडेनं माती खाली ओढायला सुरुवात केली. मी फक्त टोपल्या उचलल्या.

मायलेकी परत आल्या तेव्हा खोलीत दोन टेकू, बाज बाहेर आणि अंगणात मातीचा ढीग होता. लेकीनं आत डोकावून बघितलं, मग उशीकडं बघितलं. पोटावर हात ठेवून पायरीवर बसली.

बायको मला चुलीपाशी घेऊन गेली. "आता काय सांगायचं तिकडं? पहिलं बाळंतपण, आन पोरगी आठव्यात परत? गावात डेंग्यू आहे म्हणा. डॉक्टरनं तिकडचा दवाखाना सांगितलाय म्हणा." ती घाबरली होती, आणि मला वाचवत होती. तुळईबद्दल तिला तेव्हा जेवढं माहीत होतं त्यावरून तिला वाटत होतं की मी फक्त हयगय केली.

"डेंग्यू म्हणणार नाही," मी म्हणालो. ह्यात शौर्य काही नव्हतं. आता आणखी एक गिलावा लिंपायचं त्राणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला तिच्या सासरी घेऊन गेलो. त्यांचं घर भूकंपानंतर बांधलेलं, वर पत्रा, उन्हाचं तापतं, पण हलकं. जावई रानात होता. लेक आत जाऊन पडली. विहीणबाईंनी पाणी दिलं. मी तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ओघळ, बारदान, कंगवा, आणि तुम्ही अंगणात बसला होतात तेव्हा आम्ही आत काय बोललो तेही. त्या तूर निवडत होत्या. निवडायचं थांबवलं नाही.

मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं. "पोर कुठं निजत होती?"

"त्याच्याच खाली."

"किती दिस?"

"अकरा."

सुपातली तूर त्यांनी एकदा पाखडली. मग म्हणाल्या, "पाव्हणं, बाळंतपण हितं हुईल. तुमी कवाबी या, भाकर खाऊन जा. पर माज्या नातवाला त्या घरात न्यायचं न्हाय. तुळई सोन्याची बसवली तरी न्हाय."

"नाही नेणार," मी म्हणालो.

उंदराचं मी तेव्हाही सांगितलं नाही. सगळं सांगितलं असं वाटून उठलो, आणि बसस्टँडवर लक्षात आलं की नाही सांगितलं. घरी येऊन हात निरमानं घासले, राखेनं घासले, लिंबू लावलं. तो वास नखांत राहतो.

नातू दसऱ्याच्या तोंडावर झाला. बाळ-बाळंतीण धडधाकट. महिन्यानं गेलो तेव्हा ओसरीवर शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या. लेकीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि त्यांना रंगवून सांगायला लागली. "आमचे अण्णा वर्गात पाल दिसली तर खुर्चीवर चढतात. आन त्या दिवशी उंदीर, एवढा फुगलेला, शेपटीला धरून, माझ्यासाठी!" बायका हसत होत्या. लेक माझ्याकडं बघत होती, डोळ्यांत कौतुक होतं. तुळईचं कळूनही तिनं माझी एवढी एक गोष्ट जपून ठेवली होती. विहीणबाई मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

शेजारणी उठून जाईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "तो उंदीर आपल्या घरातला नव्हता. मी शेतातून आणला होता."

लेकीला कळायला क्षणभर लागलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. "म्हणजे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आन मी त्या रात्री निजले."

"हो."

तिनं वाकून बाळ माझ्या मांडीवरून उचललं. हिसकावलं नाही, मानेखाली हात घालून नीट उचललं. "ह्याची दुधाची वेळ झाली," म्हणाली आणि आत गेली. दार लावलं नाही, पण पाठ माझ्याकडं होती.

विहीणबाई उठल्या. "आता ऱ्हायलंय का काय अजून?"

"नाही. एवढंच होतं."

"मग हात धुवा. भाकर वाढते."

मी मोरीवर गेलो आणि हात धुतले. आतून लेक बाळाशी बोलत होती, माझ्याशी नाही. परत येऊन पाटावर बसलो तेव्हाही ती बाहेर आली नव्हती. जेवण झालं, बसची वेळ झाली, तोवरही आली नाही.

मधल्या खोलीवर आता पत्रा आहे. तुळईचं चांगलं उरलेलं लाकूड मामांनी अंगणात ठेवलंय, उन्हात, विटांवर, चारी बाजूंनी वारा लागेल असं. मी दर रविवारी माकणीकडं जातो. लेक चहा देते, कसे आहात विचारते. बाळ ती सासूच्या मांडीवर देते.